मालभरणीची तारीख हुकली की एलसीचा आधार जातो

संपादक महोदय,

इचलकरंजीचे कापड, कोल्हापूरचे कास्टिंग, सांगलीची हळद आणि बेदाणा असा माल न्हावा शेवा बंदरातून परदेशी पाठवणाऱ्या लहान निर्यातदारांपैकी अनेकांची अशी समजूत असते की, खरेदीदाराच्या बँकेने लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी (ठरलेल्या अटींप्रमाणे कागदपत्रे दिल्यास पैसे देण्याची बँकेची लेखी हमी), उघडली की आपले पैसे सुरक्षित झाले. बँकेच्या परकीय व्यापार विभागात नोकरीचा बहुतेक काळ घालवलेला माणूस म्हणून मला हे आग्रहाने सांगावेसे वाटते की, ही सुरक्षितता अटी पाळणाऱ्यालाच मिळते, आणि त्यांतली सर्वांत सहज मोडणारी अट म्हणजे माल जहाजावर चढवण्याची अंतिम तारीख. इनव्हॉइसमध्ये नाव चुकले तर मुदतीत दुसरा इनव्हॉइस देता येतो, एखादे प्रमाणपत्र राहिले असेल तर ते मिळवून जोडता येते. पण २० तारखेपर्यंत चढवायचा माल २२ तारखेला चढला तर ती त्रुटी दुरुस्त करण्याचा कोणताही प्रामाणिक मार्ग उरत नाही.

एलसीच्या मजकुरात ही तारीख ४४सी या रकान्यात दिलेली असते. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, १ जुलै २००७ पासून लागू असलेले यूसीपी ६०० हे नियम जवळजवळ प्रत्येक एलसीला लावलेले असतात आणि त्यांच्या २० व्या कलमाप्रमाणे सागरी वाहतुकीत बिल ऑफ लेडिंगवरची (जहाज कंपनीने माल घेतल्याबद्दल दिलेल्या वाहतूक-पावतीवरची), माल प्रत्यक्ष जहाजावर चढल्याची तारीखच मालभरणीची तारीख मानली जाते. कारखान्यातून ट्रक सुटला तो दिवस, कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) पोहोचला तो दिवस किंवा कस्टम्सने लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (निर्यातीची परवानगी) दिली तो दिवस बँकेच्या हिशेबात येत नाही. निर्यातदाराने सर्व काही वेळेत केलेले असते आणि तरीही शिपिंग लाइन जागा नसल्याचे सांगून कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलते. ज्याला आपण रोलओव्हर म्हणतो, त्या एका निर्णयाने मुदत निघून जाते. याउलट, २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि माल युरोपात उशिरा पोहोचू लागला, पण माल वेळेत चढलेला असेल तर या लांबलेल्या प्रवासामुळे मालभरणी उशिराची ठरत नाही. त्या गोंधळाचा खरा फटका जहाजांची वेळापत्रके कोलमडल्यामुळे बसला, कारण ठरलेल्या आठवड्यात जहाज बंदरात आलेच नाही तर माल चढणार कशावर?

अशा वेळी सांगितली जाणारी कारणे बँकेपुढे टिकत नाहीत, आणि हे बहुतेकांना फार उशिरा कळते. कागदपत्रे सादर करण्याचा शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीला आला तर तो पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत वाढतो, परंतु मालभरणीच्या अंतिम तारखेला ही सवलत मिळत नाही, असे २९ वे कलम स्पष्टपणे सांगते. बंदरातला संप, पूर किंवा वादळ यांमुळे उशीर झाला तर खरेदीदाराशी केलेल्या करारातले आपत्तीविषयक कलम निर्यातदाराला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून कदाचित वाचवील, पण एलसी हा त्या करारापासून स्वतंत्र व्यवहार असल्याने तिच्यातली तारीख त्यामुळे हलत नाही. ३६ वे कलम आपत्तीविषयी बोलते ते बँकेच्या स्वतःच्या कामकाजापुरते. एक छोटीशी सोय मात्र आहे. एलसीत अमुक तारखेच्या ‘ऑन ऑर अबाउट’ माल चढवावा असे लिहिलेले असेल, तर त्या तारखेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोके धरून, चालतात. करार करतानाच खरेदीदाराकडे हे शब्द मागायला काय हरकत आहे?

दरमहा ठरावीक माल पाठवणाऱ्या कारखानदारांनी ३२ वे कलम तर भिंतीवर लावून ठेवावे. हप्त्याहप्त्याने, नेमून दिलेल्या कालावधींत माल पाठवायची अट एलसीत असेल आणि एखाद्या हप्त्याचा माल त्याच्या कालावधीत गेला नाही, तर एलसीत वेगळे लिहिलेले नसल्यास ती एलसी त्या हप्त्यासाठी आणि त्यानंतरच्या प्रत्येक हप्त्यासाठी निरुपयोगी होते. मार्चचा कंटेनर चार दिवस उशिरा गेला म्हणून एप्रिल, मे आणि जूनचे वेळेत गेलेले कंटेनरही एलसीच्या संरक्षणाबाहेर पडतात, ही गोष्ट अनुभवी निर्यातदारांनाही माहीत नसल्याचे मी पाहिले आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती खरेदीदाराच्या तोंडी आश्वासनाची. उशीर होणार हे दिसताच निर्यातदार फोन करतो, समोरून ‘चालेल, पाठवा’ असा निरोप येतो आणि त्या भरवशावर माल जहाजावर चढतो. एलसी बदलण्याचा अधिकार एकट्या खरेदीदाराकडे नसतो. १० व्या कलमाप्रमाणे बदलाला एलसी उघडणारी बँक, असल्यास कन्फर्म करणारी (स्वतःचीही हमी जोडणारी) बँक आणि निर्यातदार या सर्वांची संमती लागते. कागदपत्रे उशिराच्या तारखेसह पोहोचली की बँक पाच कामकाजाच्या दिवसांत ती नाकारू शकते. त्रुटी माफ करण्याविषयी ती खरेदीदाराला विचारू शकते, पण त्याने होकार दिला तरी तो मानण्याचे बंधन तिच्यावर नाही. दरम्यान बाजारभाव उतरला असेल तर काल ‘पाठवा’ म्हणणारा खरेदीदार आज सूट मागतो, आणि परक्या बंदरात डेमरेज (माल पडून राहिल्याचा दंड) चढत असताना ती सूट देण्यावाचून निर्यातदाराला गत्यंतर राहत नाही. निर्यातदाराच्या स्वतःच्या कसुरीने झालेला तोटा ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीच्या विम्यातही सहसा बसत नाही. म्हणून अमेंडमेंट (एलसीतला अधिकृत बदल) आपल्या बँकेमार्फत हातात आल्याशिवाय कंटेनर बंदराच्या फाटकातून आत सोडू नये. अमेंडमेंट मागताना मालभरणीच्या तारखेबरोबर एलसीची मुदतही वाढवून घ्यावी, कारण वेगळी अट नसल्यास कागदपत्रे मालभरणीपासून २१ दिवसांत, पण कोणत्याही परिस्थितीत एलसीची मुदत संपण्यापूर्वी द्यावी लागतात, आणि पहिली तारीख वाढवून दुसरी तशीच राहिली तर ती अमेंडमेंट फारशी कामाची राहत नाही.

मागची तारीख टाकलेले बिल ऑफ लेडिंग मिळवून देण्याची तयारी काही दलाल आजही दाखवतात. ती सरळसरळ फसवणूक आहे. १९८२ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे) निकालात निघालेल्या ‘अमेरिकन अकॉर्ड’ जहाजाच्या प्रकरणात माल १६ डिसेंबर १९७६ रोजी चढला होता आणि कागदावर अंतिम मुदतीची, १५ डिसेंबरची, तारीख होती. ती खोटी नोंद विक्रेत्याला माहीत नव्हती, एवढ्याच कारणाने त्याला पैसे मिळाले. हा निकाल अनेकजण अर्धाच सांगतात. २००२ साली त्याच न्यायपीठाने इराणमधून व्हिएतनामला पाठवलेल्या बिट्युमेनच्या प्रकरणात, मागची तारीख टाकलेली कागदपत्रे जाणूनबुजून सादर करणाऱ्या कंपनीच्या संचालकाला फसवणुकीबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरले. आज तर कंटेनर क्रमांकावरून त्याचा प्रवास कोणालाही पाहता येतो आणि बँका तो पाहतात.

मराठवाडा-विदर्भातल्या निर्यातदारांसाठी आणखी एक मार्ग आहे आणि तो फारच कमी वापरला जातो. कंटेनर नागपूरच्या आयसीडीत (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोत) वाहतूकदाराच्या ताब्यात दिला जात असेल, तर एलसीत बंदर ते बंदर बिल ऑफ लेडिंगऐवजी मल्टिमोडल (रेल्वे, रस्ता, जहाज अशा एकाहून अधिक साधनांच्या) वाहतुकीचा कागद आणि माल ताब्यात घेण्याचे ठिकाण म्हणून नागपूर लिहून घ्यावे, तसेच कागदावर जहाजावर चढल्याची नोंद असावी ही अट टाळावी. मग माल ताब्यात घेतल्याची तारीख मोजली जाते आणि बंदरातल्या रोलओव्हरने एलसीला धक्का लागत नाही. कंटेनरच्या मालासाठी एफओबीऐवजी (माल जहाजावर चढवून देण्याऐवजी) एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणे) ही अट इंकोटर्म्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींच्या नियमांमध्ये सुचवली आहे, तिच्याशीही हे जुळते.

एलसी आली की सल्ला देणाऱ्या (एलसी निर्यातदाराला कळवणाऱ्या इथल्या) बँकेने ती केवळ निर्यातदाराच्या हाती न देता त्याच्या समोर बसून तारखा वाचून दाखवाव्यात, आणि शिपिंग लाइनने कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला तर त्याची लेखी सूचना निर्यातदाराला त्याच दिवशी द्यावी, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी अमेंडमेंट मागण्याइतका वेळ त्याच्या हाती राहील. जिल्हा निर्यात समित्यांनी आणि निर्यातदार संघटनांनी या दोन्ही गोष्टींचा आग्रह धरावा, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर