सोन्याची रेघ, पन्नास रुपयात

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नॅनो आणि बायोलॉजीवर पानभर लेख आला होता, चित्रात रक्तात पोहणारा सहा पायांचा रोबो, माझ्या पोरानं तर कापूनच ठेवलाय. पण मी वीस वर्षं मेडिकल चालवतोय आणि वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं "येणार, होणार" असं का लिहिलंय, आलंय की ते, माझ्या काउंटरच्या दुसऱ्या खणात पडलंय, पन्नास रुपयाला. प्रेग्नन्सीची पट्टी.

तिच्यावर जी लाल रेघ येते ना, ती बहुतेक किटमधे सोन्याची असते. खरं सोनं. बायकोला सांगितलं तर म्हणे मग फेकता कशाला, मोडीत घाला! तेवढं नसतं हो. कण असतो साधारण ४० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीत शेजारी शेजारी दोनेक हजार बसतील, आणि सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहतच नाही, उजेडातला हिरवा रंग खाऊन टाकतं आणि लाल दिसतं. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८५७ साली असंच लाल पाणी करून ठेवलं होतं, त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधे अजून आहेत.

आता यात बायोलॉजी कुठे, तर त्या कणांना अँटिबॉडी (ठराविक गोष्टच धरणारं प्रोटीन) चिकटवलेली असते, ती लघवीतलं एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला की तयार होणारं हार्मोन, धरते, ओल जशी पट्टीत पुढे सरकते तसे कणही वाहत जातात, आणि टी लिहिलंय तिथे आधीच पक्की बसवलेली दुसरी अँटिबॉडी त्याच हार्मोनला दुसऱ्या बाजूनं पकडते. कण साचले की रेघ. हार्मोन असो नसो, उरलेले कण टी ओलांडून पुढच्या सी वर, म्हणजे पट्टी नीट चालली का हे सांगणाऱ्या रेघेवर, अडकतात, म्हणून सी आलीच नाही तर पट्टी बाद, मग टी वर काही का दिसेना. कोविडच्या वेळी घरी नाकात काडी घालून करायचं किट आलं (पुण्याच्या मायलॅब कंपनीचं, मंजुरी मे २०२१) तेही याच जातीचं.

माझी खरी तक्रार पुढे आहे. मागच्या मे महिन्यात एक गिऱ्हाईक दोन पट्ट्या घेऊन आलं, दोन्हीवर सी सुद्धा नाही, बोगस माल विकता म्हणून दुकानात आरडाओरडा. विचारलं तर पाकीट तीन दिवस स्कूटीच्या डिकीत, आणि आमच्याकडे मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको. सोन्याला काही होत नाही हो, पण अँटिबॉडी म्हणजे प्रोटीन, अंडं उकडल्यावर जे होतं तेच. दुसरा एक भाऊ तर रात्री निगेटिव्ह म्हणून टाकलेली पट्टी सकाळी कचऱ्यातून काढून घेऊन आला, वाळल्यावर पुसट रेघ दिसत होती, आणि येण्याआधी आईला फोनही करून झाला होता!! ती वाळल्याची रेघ, तिला काही अर्थ नसतो, पण त्याचं तोंड बघून मलाच बोलवेना.

हे सगळं आतल्या चिठ्ठीत छापलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, फार तर हिंदीत. माझ्याकडे तीन कंपन्यांचा माल आहे, एकातही मराठी नाही.

आणि जाता जाता, पुरवणीत सगळी नावं अमेरिकेची होती. पुण्यातल्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मुरली शास्त्री यांच्या टीमनं २००४ साली गवती चहाच्या पानांच्या अर्कात सोन्याचा क्षार घालून सोन्याचे तिकोनी नॅनो कण तयार केले होते. गवती चहा! रोबोच्या चित्रापेक्षा हे वाचून लोकं जास्त चमकली असती असं आपलं मला वाटतं.

तर विनंती एवढीच की एक छोटी चौकट मराठीत छापा, पाकीट गारव्याला ठेवा आणि वापरायच्या वेळीच फोडा, शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्या, घड्याळ लावून सांगितलेल्या वेळेलाच बघा, नंतर दिसलेली रेघ धरू नका. जागेचा प्रश्न नाही, रोज सोन्याचा भाव देता त्याच्याखाली दोन बोटं जागा रिकामी असते.

आपला वाचक,
एक मेडिकलवाला, जि. परभणी