मॅकग्राला त्या यादीतून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनापायी मातीमोल झालेल्या फुटबॉलपटूंवर रविवारच्या क्रीडा पानात लेख आला होता. त्यात जॉर्ज बेस्टच्या शेजारी आयर्लंडचा बचावपटू पॉल मॅकग्रा याला बसवले आहे. हे काही पटले नाही. बेस्टने मँचेस्टर युनायटेड सोडले ते 27 व्या वर्षी. मॅकग्राचा खरा खेळ तर तिशीनंतर दिसला.

1989 साली युनायटेडने त्याला निकालात काढलेच होते. गुडघ्यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया चाललेल्या आणि त्यात पिणे. संघातली ही पिण्याची रीत मोडायचीच, असे युनायटेडचे व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी ठरवले होते. एक लाख पौंड घे आणि निवृत्त हो, असा प्रस्ताव त्याच्यापुढे ठेवला गेला. वय 29! फर्ग्युसन चुकले असे मी म्हणणार नाही. ते गुडघे पाहून कोणीही हेच म्हटले असते.

मग अॅस्टन व्हिला या दुसऱ्या इंग्लिश क्लबचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी चार लाख पौंडांच्या आसपास मोजून त्याला तिकडे नेले. मी स्वतः कोल्हापुरात पेठेच्या संघातून बरीच वर्षे स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो, त्यामुळे तिथे जे झाले त्याचे मला फार अप्रूप वाटते. त्यांनी त्याला सरावातून जवळजवळ मोकळेच केले. बाकीचे मैदानावर घाम गाळत, तेव्हा हा व्यायामाच्या सायकलवर. गुडघ्यात जेवढे उरले आहे तेवढे सामन्याच्या नव्वद मिनिटांसाठी राखून ठेवायचे. फिजिओ जिम वॉकर यांनी गुडघ्यांबरोबर माणूसही सांभाळला. आमच्याकडे सरावाला न येणाऱ्याला पहिल्या अकरात घेतले असते, तर तालमीत भांडणेच झाली असती.

1992-93 मध्ये, प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात, व्हिला दुसरी आली आणि विजेतेपद युनायटेडने नेले. पण इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मते दिली ती मॅकग्राला. ज्यांना त्याला चुकवून चेंडू पुढे न्यायचा असे, त्यांचीच ही मते. पुढच्या वर्षी लीग कपच्या अंतिम सामन्यात व्हिलाने युनायटेडला 3-1 असे हरवले, तेव्हाही तो मैदानात होता. व्हिलाचे प्रेक्षक त्याला ‘गॉड’ म्हणत.

आणि 18 जून 1994. न्यू जर्सीतले जायंट्स स्टेडियम, विश्वचषक, समोर रॉबेर्तो बाजिओची इटली. मॅकग्रा 34 वर्षांचा, खांदा इतका दुखत होता की हात धड वर जात नव्हता. रे हौटनने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला सारा वेळ आयर्लंडने तो राखला. 1-0. लोकांना हौटनचा गोल आठवतो, ते साहजिकच आहे. मला मात्र आठवतो तो मॅकग्रा, दर वेळी नेमका चेंडू येईल तिथे आधीच उभा असलेला. पळायला गुडघे नव्हते, म्हणून तो आधी ओळखायचा.

दारू खोटी नव्हती. तिच्यापायी त्याने सामने चुकवले, घरच्यांना दुखावले. आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच, काही न लपवता सांगितले आहे. लंडनमध्ये जन्मलेले, आयरिश आई आणि नायजेरियन वडील यांचे हे मूल काही आठवड्यांचे असतानाच दुसऱ्यांच्या हाती गेले आणि डब्लिनच्या अनाथाश्रमांत वाढले. 1960 च्या दशकातल्या आयर्लंडमध्ये काळ्या पोराचे बालपण कसे गेले असेल, याबद्दल लेखात एक ओळही नाही.

आयर्लंडसाठी 83 सामने, तेही गुडघ्यांवर आठ शस्त्रक्रिया सोसून. 1996 मध्ये व्हिला सोडल्यावरही तो डर्बी काउंटी आणि शेफील्ड युनायटेडकडून खेळला. याला ‘वाया गेलेला’ म्हणणार असाल, तर पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना स्टॉपर, कोल्हापूर