तळतळाटापेक्षा नमुना ८ भर

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या भागातल्या आमदाराबद्दल "एकदाचा मरू दे" असं तू लिहिलंस. राग समजतो. पण समज, लागली तुझी हाय, तर पुढे काय? मुदत वर्षभर तरी उरली असेल तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक. बहुतेक वेळा घरातलंच कोणीतरी उभं राहतं, विरोधक कधी कधी उमेदवारही देत नाहीत, आणि ज्या कामांचा जाब विचारायचा ती श्रद्धांजलीत वाहून जातात. १९७७ मध्ये रायबरेलीच्या मतदारांनी पंतप्रधानपदावरच्या इंदिरा गांधींना पाडलं. १९८४ मध्ये त्यांची हत्या झाली आणि दोन महिन्यांत त्यांच्या पक्षाला लोकसभेत चारशेच्या वर जागा मिळाल्या. पाडलेला माणूस परत येतो, हे खरंच. त्याही १९८० मध्ये आल्या. पण त्यासाठी पुन्हा मतंच मागावी लागली.

मुद्दा असा की त्या आमदाराला पाडायला लागणारं मत आज तुझ्याकडे नाहीच. तुझं नाव अजून इथल्या मतदार यादीत आहे, आणि नुसतं ओळखपत्र दाखवून मतदान होत नाही. यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ हा अर्ज भर. पहिल्यांदा नाव नोंदवायचा नमुना ६ भरायच्या फंदात पडू नकोस: आधी कुठेच नाव नाही असं त्यात लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीजबिल घरमालकाच्या नावावर असेल तर नोंदणीकृत भाडेकरार जोड. अर्ज अडकतात ते बहुधा पडताळणीत. बीएलओ, म्हणजे मतदार यादीची घरोघरी पडताळणी करणारा अधिकारी, येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. त्याला आधीच फोन करून वेळ ठरव. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव चढत नाही, त्यामुळे निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नकोस.

उमेदवारांची शपथपत्रं, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मागच्या निवडणुकीचंही काढ आणि मालमत्ता, कर्ज, गुन्हे शेजारी ठेवून वाच. भाषणांपेक्षा त्यात जास्त कळतं.

'नोटा'वर, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' या बटणावर, राग काढू नकोस. विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो. आणि एका मतानं काय होतं म्हणशील, तर २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मतानं पडले. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला.

मत देऊन भागणार नसेल, तर पटेल त्या उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी हो. सगळ्यांना सभेला जायचं असतं, बूथवर दिवसभर बसायला कोणी नसतं. मतदानाच्या दीड तास आधी पोहोच. तेव्हा किमान ५० मतांची चाचणी होते. ती मतं यंत्रातून पुसली का आणि एकूण आकडा शून्य दिसतो का, हे डोळ्यांनी बघ. घाईत पुसायची राहिली तर मोजणीला आकडे जुळत नाहीत आणि वाद होतो. संध्याकाळी केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सीची सही केलेली प्रत मागून घे. त्यावर एकूण मतं आणि यंत्राचे क्रमांक असतात. ती त्याच रात्री उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधीकडे पोहोचव, कारण मोजणीच्या टेबलावर तू नसशील आणि आकडा त्यालाच पडताळायचा असतो.

तुझे,
बाबा