मेन स्विच बंद, पण स्प्रिंग भरलेलीच

माननीय संपादक,

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. कारखान्यांच्या फाटकावर फलक लागतात, शपथ होते, हेल्मेट, हातमोजे आणि आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात. शॉपमध्ये डोक्यावर टांगलेल्या किंवा ट्रान्सफर ट्रॉलीवर बसवलेल्या स्प्रिंगच्या केबल रीलकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. केबल तुटली की ‘वायरमनला सांगा, बदलून टाकेल’ एवढ्यावर विषय संपतो. पण हे काम निव्वळ वायरिंगचे नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

या रीलच्या एका बाजूच्या डब्यात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. घड्याळाला चावी द्यावी तशी केबल ओढताना ती भरत जाते आणि त्याच जोरावर केबल परत ड्रमवर येते. केबल पूर्ण आत असतानाही स्प्रिंग मोकळी नसते, कारण बसवतानाच तिला दोन-चार फेरे भरून ठेवलेले असतात. मेन स्विच बंद केला, कुलूप लावले, टेस्टरने वीज नसल्याची खात्री केली, तरी हा जोर तसाच शिल्लक असतो. स्टॉपर बॉल (केबलचे टोक आत ओढले जाऊ नये म्हणून तिच्यावर बसवलेला गोळा) काढून केबलचे टोक सोडून दिले तर ड्रम भिरभिरतो आणि टोक चाबकासारखे फिरते. मनगट, दात, डोळा, जे आड येईल त्याला लागते.

म्हणून वीज तोडल्यावर पहिले काम स्प्रिंग उतरवण्याचे. केबल पूर्ण आत घ्यावी. एकाने ड्रम दोन्ही हातांनी घट्ट धरावा, दुसऱ्याने स्टॉपर काढून टोक गाइड रोलरमधून (केबलला वाट दाखवणाऱ्या चाकांमधून) मागे घ्यावे आणि केबल ड्रमलाच बांधावी. मग ड्रम हातात धरूनच, एकेक फेरा करत, आत घेण्याच्या दिशेने सोडावा. जोर संपेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून खडूने रीलच्या अंगावर लिहावे. नवी केबल चढवल्यावर हाच आकडा लागतो आणि नेमका तोच लिहायचा राहतो. जुनी केबल काढताना ड्रम फिरवू नये, नाहीतर स्प्रिंग पुन्हा भरते. वेढे ड्रमच्या कडेवरून हाताने उचलून काढावेत.

काही लहान रीलच्या पुस्तिकेत दुसरी रीत असते: केबल पूर्ण ओढायची, ड्रम अडकवायचा, जोडणी बदलायची आणि नवी केबल सावकाश आत सोडायची. तसे करायचे असेल तर ड्रमला पिन किंवा बोल्ट घालून तो पक्का अडवावा. या वेळी स्प्रिंग पूर्ण भरलेली असते, तिचा भार रॅचेटच्या, म्हणजे ओढलेली केबल परत जाऊ न देणाऱ्या दातेरी चाकाच्या, एकट्या खटक्यावर सोपवू नये. स्प्रिंगचा डबा तर कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. स्प्रिंग तुटली असेल तर डब्यासकट नवी मागवावी.

रीलच्या दुसऱ्या बाजूला स्लिप रिंगचे, म्हणजे फिरत्या ड्रमशी वीज जोडणाऱ्या धातूच्या कड्यांचे, झाकण असते. ते उघडल्यावर या रिंगांवर घासणाऱ्या कार्बन ब्रशची बारीक काळी पूड पसरलेली दिसते. ही पूड वीज वाहून नेते. पावसाळ्यात ओल लागली की तिच्यातूनच रिंगा एकमेकींशी शॉर्ट होतात. ती फुंकर मारून उडवू नये, व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने काढावी. रिंगवर डाग किंवा खड्डे असतील तर बारीक काचकागद वापरावा. एमरी पेपर नको, त्याचे कण रिंगवर आणि ब्रशमध्ये रुतून बसतात. रिंगला ग्रीस लावण्याची सवय अनेकांना आहे, ती सोडावी. कोणती कोअर (केबलच्या आतली तार) कोणत्या रिंगला आहे याचा फोटो जुनी तार सोडवण्याआधी काढावा. हिरवी-पिवळी तार अर्थच्याच (अर्थिंगच्या) रिंगला जाते आणि ती आत इतर तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी. केबल ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटली पाहिजे. ग्लँडची (केबल आत शिरते तिथे तिला आवळून धरणाऱ्या नटाची) पकड केबलच्या बाहेरच्या आवरणावर असावी, ओढ आतल्या टर्मिनलवर येता कामा नये.

सर्वात जास्त चुका केबल निवडताना होतात. स्टोअरमध्ये पडून असलेली पीव्हीसी केबल चढवली जाते. ती थंडीत ताठ होते, ड्रमवर वेढ्याचा आकार धरते आणि काही महिन्यांत कडेला चिरते. इथे बारीक तारांची, रबरी आवरणाची लवचीक केबल लागते, आयएस ९९६८ या भारतीय मानकात बसणारी. कोअर, जाडी आणि बाहेरचा व्यास जुन्याइतकाच हवा. ‘जरा जाड टाकू, टिकेल’ म्हणून अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) जागी चार टाकली की वजन वाढते, ड्रम भरून वाहतो आणि स्प्रिंगला केबल ओढवत नाही. मग दोष स्प्रिंगला दिला जातो. विद्युतभार वाढला असेल तर रीलच मोठी घ्यावी. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, हेही लक्षात ठेवावे. एका थरात तिची क्षमता सुमारे ८० टक्के धरतात, दोन थरांत ६०, तीन थरांत जेमतेम निम्मी. उघड्यावर ३० अँपिअर नेणारी केबल तीन थरांत १५ अँपिअरचीच समजावी. मधे जोड देऊन टेप गुंडाळलेली केबल रीलवर अजिबात नको.

नवे बंडल गडगडत उलगडावे. उभ्या वेटोळ्यातून ओढले की केबलला पीळ बसतो आणि पुढे तो गाठीच्या रूपाने गाइडपाशी दिसतो. केबल जमिनीवर सरळ पसरून थोडा वेळ राहू द्यावी. मग जोडणी करून, ड्रम स्थिर ठेवून, जुनी ज्या दिशेने होती त्याच दिशेने हाताने वेढे घालावेत. मोकळ्या स्प्रिंगवर ड्रम उलटा फिरवला तर पट्टीचा आतला आकडा वाकतो किंवा तुटतो.

वेढे झाल्यावर केबल ड्रमला बांधून ड्रम बाहेर सोडण्याच्या दिशेने, खडूने लिहिलेले तेवढे फेरे फिरवावा, मग टोक गाइडमधून काढून स्टॉपर बसवावा. हिशेब सोपा आहे. समजा ड्रम ३०० मिलिमीटरचा आणि केबल १५ मिलिमीटरची आहे. पहिल्या थरात एक वेढा साधारण एक मीटरचा होतो. बारा मीटर कामासाठी बारा फेरे, आधी भरलेले तीन, म्हणजे पंधरा. स्प्रिंगची क्षमता अठरा फेरे असेल तर तीन शिल्लक राहतात. निदान दोन फेरे शिल्लक हवेतच. शिवाय पूर्ण ओढल्यावरही ड्रमवर दोन वेढे उरले पाहिजेत. केबल परत येत नाही म्हणून आणखी दोन फेरे भरणारे खूप आहेत. त्याने स्प्रिंग शेवटपर्यंत आवळली जाते आणि दर वेळी झटका घेत तुटते. आधी गाइडचे रोलर फिरतात का ते पाहावे. अडकलेल्या रोलरला खाच पडते आणि तीच खाच केबलचे आवरण कापते.

वीज देण्यापूर्वी दोन्ही टोके मोकळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) कोअर-कोअर आणि कोअर-अर्थ तपासावे. एक मेगाओहमपेक्षा कमी आले तर रील चालू करू नये. त्यानंतर मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या अर्थ पिनला आणि दुसरे रीलच्या अंगाला लावून ड्रम सावकाश पूर्ण फिरवावा. आकडा मधेच उडी मारत असेल तर अर्थचा ब्रश नीट टेकलेला नाही. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि सहसा हीच टाळली जाते. ठरावीक अंतरावर गेल्यावरच मोटर घुरघुरत असेल तर आवरणाच्या आत एखाद्या फेजच्या तारा तुटल्याचा संशय घ्यावा. बाहेरून केबल धडधाकट दिसते.

ट्रॉली किंवा क्रेनवरील रीलचा रॅचेट काढलेलाच असावा. तो राहिला तर परतीला केबल जमिनीवर सैल पडते आणि चाकाखाली जाते.

कारखाना व्यवस्थापनांना विनंती आहे की, प्रत्येक रीलवर तीन गोष्टी रंगाने लिहून घ्याव्यात: आधी भरायचे फेरे, केबलचा प्रकार व लांबी, आणि केबल बदलल्याची तारीख. वर्क परमिटमध्ये वीज तोडल्याच्या रकान्याखाली ‘स्प्रिंग उतरवली’ असा आणखी एक रकाना घालावा. आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांकडून एक जुनी रील उतरवून, मोजून, पुन्हा भरून घ्यावी. भंगारातली रीलही या शिकवणीला पुरते, फक्त तिची स्प्रिंग शाबूत हवी.

— विद्युत देखभाल क्षेत्रातील एक वाचक, भोसरी, पुणे