‘मैत्री तरी टिकवा’ हा सल्ला थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकतर्फी प्रेमात पोळलेल्यांना सल्ल्याच्या सदरांतून हमखास सांगितलं जातं, ‘प्रेम नाही तर नाही, मैत्री तरी टिकवा.’ जिवलग मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या प्रेमात पडलेल्यांच्या बाबतीत हा सल्ला दुखणं लांबवतो. एरवी ज्याच्यापाशी मन हलकं करायचं, तोच माणूस इथे दुरावलेला असतो.

तुटक संपर्क हा अबोल्यापेक्षा वाईट. कधीतरीच दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावरही बराच काळ चोच मारत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं. पंधरा दिवसांनी येणारं ‘काय चाललंय?’ म्हणजे तसाच दाणा. म्हणून निदान तीन महिने संपर्क पूर्ण बंद. (आकडा शास्त्राचा नव्हे, अंदाजाचा, पण तारीख ठरलेली बरी.)

आधी एकच मेसेज: ‘सावरायला वेळ हवा आहे, तीन महिने बोलणार नाही, राग नाही.’ शेवटी प्रश्न नको, नाहीतर उत्तराची वाट पाहणं सुरू होतं. स्टेटस आणि नोटिफिकेशन म्यूट करा. फोटो रागाच्या भरात डिलीट करू नका, पेनड्राइव्हवर घालून विश्वासातल्या कुणाकडे ठेवायला द्या; पुसलेले फोटो परत मागणं हे फोन करायचं आयतं निमित्त ठरतं. सामायिक मित्रांना ‘तिकडच्या बातम्या मला नकोत’ असं स्पष्ट सांगा. बहुतेक जण घसरतात ते इथेच: स्वतःच्या फोनवर ब्लॉक आणि दुसऱ्याच्या फोनवर स्टेटस!

सुरुवातीला ओढ कमी न होता वाढते. ते अपेक्षितच आहे. उबळ आली की वीस मिनिटं काढा, लिहायचं ते वहीत लिहा. ‘विचारच करायचा नाही’ हा निश्चय मात्र उलटतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांना ते अस्वल आठवतच राहिलं. त्यापेक्षा रोज ठरलेली 15 मिनिटं आठवणींना द्या. फक्त ती झोपायच्या वेळची नकोत.

खरं काम रिकाम्या जागेचं आहे. रात्री फोन कोण उचलायचं, ऑफिसातली गाऱ्हाणी कोण ऐकायचं, अर्ज पाठवण्याआधी कोण वाचायचं, हे कागदावर मांडा आणि एकेक काम वेगवेगळ्या माणसाकडे द्या. सगळं एकाच नव्या माणसावर टाकलं की पुन्हा तोच गुंता.

नकार देणाऱ्यांनाही एक विनंती. ‘आत्ता तरी नाही’ म्हणू नका. त्या ‘आत्ता’च्या आशेवर माणसं वर्षं काढतात.

झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. जीव नकोसा झाला तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावं का, याची चाचणी सोपी आहे: समोरच्याच्या नव्या जोडीदाराविषयी कळलं आणि त्या रात्री झोप लागली, तर बोलायला हरकत नाही. नाहीतर आणखी तीन महिने.

– एक समुपदेशक