वेग वाढवताना कुठे थांबावे हे शिकवणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

माझ्या संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने आणि तरीही सुरक्षितपणे कसा चालवावा, हे आपण मला शिकवलेत. आपण त्याचा मोबदला घेतला नाहीत आणि तोंडी आभार मानू लागले की विषय बदलता, म्हणून ते जाहीरपणे आणि तपशिलासह मांडत आहे. सांगली-मिरजेत हे काम प्रथमच करू पाहणाऱ्या कुणालाही आपली पद्धत उपयोगी पडावी, हाही त्यामागचा हेतू आहे.

माझे काम घरांच्या आराखड्यांची त्रिमितीय चित्रे करण्याचे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या कार्यक्रमात चित्र रेंडर होत असताना, म्हणजे आराखड्यावरून अंतिम चित्र तयार होत असताना, प्रोसेसरचे सगळे कोअर (आकडेमोड करणारे भाग) तासन्‌तास पूर्ण भाराखाली असतात. माझा प्रोसेसर २०१७ साली आलेला इंटेलचा कोअर आय५-८६००के. मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि सहाही कोअर एकदम कामाला लागले की ४.१. नवा संगणक घ्यावा का, असे मी विचारले तेव्हा आपण आधी दोन गोष्टी तपासल्या. हा प्रोसेसर ‘के’ प्रकारचा असल्यामुळे त्याचा मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) बदलता येतो आणि मदरबोर्डवरचा झेड३७० चिपसेट (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणारी चिप) तो बदल करू देतो. यांपैकी एक जरी नसते, तरी पुढचे सारे बोलणे व्यर्थ होते. असा वेग वाढवल्यामुळे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगमुळे, झालेले नुकसान कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही आपण सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेत.

त्यानंतर मला वाटले होते, आपण बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग ठेवणारा कार्यक्रम) उघडून दोन आकडे बदलून द्याल. आपण मात्र एक कोरी वही पुढे केलीत आणि म्हणालात, “पोरी, आधी आहे तसं मोजून आण. खोलीचं तापमानसुद्धा लिही.” या एका सूचनेचे मोल मला पुढे कळले आणि या पत्राचे खरे कारण तीच आहे.

मोजणीच्या आधी आपण कूलरमधली धूळ काढायला लावलीत, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावून दाखवलीत आणि मदरबोर्डवरची ‘मल्टिकोर एन्हान्समेंट’ ही सोय बंद करवून घेतलीत. ती चालू असेल तर बोर्ड स्वतःच सगळ्या कोअरचा वेग वाढवून ठेवतो आणि आपण ज्याला मूळ स्थिती समजतो ती मूळ स्थितीच नसते. रॅमच्या वेगालाही तूर्त हात लावू नकोस, असे आपण बजावलेत, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर संगणक कोणत्या गोष्टीमुळे अडखळला हे शोधता येत नाही. अस्थिर प्रोसेसर चुकीची माहिती डिस्कवर लिहून ठेवू शकतो, म्हणून कामाच्या सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय आपण पुढे जाऊ दिले नाहीत. सेटिंग बिघडून संगणक सुरूच झाला नाही, तर वीज काढून बायोस मूळ स्थितीला आणण्याचा जंपर (मदरबोर्डवरच्या पिना जोडणारा छोटा तुकडा) कुठे आहे, हेही दाखवून ठेवलेत. त्या जंपरची गरज कधी पडली नाही, पण तो माहीत असल्यामुळे मन शांत राहिले.

प्रत्यक्ष काम त्यामानाने साधे होते. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे. त्याला मल्टिप्लायर ४१ ने गुणले की ४.१ गिगाहर्ट्झ. मल्टिप्लायर एकेका अंकाने वाढवायचा, थोडा वेळ चाचणी घ्यायची, चूक दिसली तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ व्होल्ट इतकेच वाढवायचे आणि प्रत्येक पायरी वहीत उतरवायची. व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवू नकोस, हा आपला आग्रह होता; बोर्ड आपल्या बाजूने सावध राहण्यासाठी अनेकदा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो आणि ते सगळे उष्णतेत जाते. त्यामागचे गणितही आपण मांडून दाखवलेत. प्रोसेसरची विजेची गरज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसता वेग १० टक्क्यांनी वाढवला तर वीज सुमारे १० टक्के अधिक लागते. त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर हाच आकडा ३३ टक्क्यांवर जातो. शेवटची १०० मेगाहर्ट्झ सर्वांत महाग का पडतात, हे मला त्या गुणाकारातून समजले.

चाचणीबाबत आपण जितके काटेकोर होतात, तितके मी कुणाला पाहिलेले नाही. विंडोज सुरू झाले म्हणजे वेग टिकला, हे आपल्याला मान्य नव्हते. मर्सेन प्रकारच्या मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम९५ हा कार्यक्रम आपण वापरायला सांगितलात. तो आकडेमोडीचे उत्तर पडताळत असल्यामुळे संगणक बंद न पडताही झालेली चूक पकडतो. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमध्ये प्रोसेसरच्या दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद येते का, हेही रोज पाहायला लावलेत. काहीजण बायोसमधल्या ‘एव्हीएक्स ऑफसेट’चा आधार घेतात, म्हणजे एव्हीएक्स प्रकारच्या जड आकडेमोडीच्या सूचना आल्या की वेग आपोआप उतरतो. तो शून्यावर ठेव, असे आपण म्हणालात, कारण ब्लेंडरचे रेंडर याच सूचना वापरते. ऑफसेट ठेवला असता तर दिसायला वेग मोठा आणि माझ्या कामाच्या वेळी मात्र कमी, अशी स्थिती झाली असती.

४.८ गिगाहर्ट्झवर विंडोज सुरू झाले, पण प्राइम९५ ने चुका दाखवल्या, आणि त्या घालवायला लागणारे व्होल्टेज आपण आखून दिलेल्या १.३० व्होल्टच्या मर्यादेपलीकडचे होते. ४.७ वर मात्र चाचणी निर्दोष पार पडली, तापमान ८३ अंशांवर थांबले आणि मला वाटले, काम झाले. तेव्हा आपण वहीतला खोलीचा रकाना दाखवलात. जानेवारीतल्या त्या दिवसांत खोलीचे तापमान २४ अंश होते. सांगलीच्या मे महिन्यात याच खोलीत ते ३६ होते. कूलर तोच, भार तोच, म्हणजे प्रोसेसरचे तापमानही जवळजवळ तेवढ्याच १२ अंशांनी चढणार. ८३ चे ९५ होणार, आणि हा प्रोसेसर १०० अंशांना पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. थंड हवेत मिळालेला आकडा आपल्या गावच्या उन्हाळ्यात जसाच्या तसा धरता येत नाही, ही गोष्ट इतक्या सोप्या वजाबाकीने दुसऱ्या कुणी मला समजावली असती, असे मला वाटत नाही.

आपल्या सांगण्यावरून मी ४.६ वर आले आणि व्होल्टेजही खाली आणले. हिशेबाने पाहता ४.१ वर तासभर लागणारे चित्र ४.६ वर साधारण साडेत्रेपन्न मिनिटांत होते. एका चित्रात हा फरक थोडा दिसतो, पण एका घराची सगळी चित्रे रात्रभर लावून ठेवली की सकाळी ग्राहकाकडे निघण्यापूर्वी ती पूर्ण झालेली असतात. नवा संगणक घेण्याचा खर्च तूर्त टळला, तो वेगळाच.

मे महिन्यात, आपण सांगितल्याप्रमाणे, सर्व मोजण्या पुन्हा घेतल्या. भर दुपारी रेंडर चालू असताना तापमान ८० अंशांच्या वर गेले नाही आणि चुकांची एकही नोंद आली नाही. वळवाच्या पावसात वीज गेली तर काम नीट बंद करता यावे म्हणून आपण सुचवलेला यूपीएसही बसवला आहे.

वहीतल्या नोंदींची स्वच्छ प्रत करून ती आपल्या विश्रामबागेतल्या दुकानात आणून देत आहे. माझ्यासारखा प्रोसेसर घेऊन कुणी आले, तर त्यांना ती अवश्य दाखवावी. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की रॅमच्या वेगाचे काम हाती घेण्याचा विचार आहे. त्याची मूळ मोजणी आधी करून, खोलीच्या तापमानासह, आपल्याकडे घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी
सांगली