रिपोर्टिंगची तारीख गेली

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोन केला की आई रडते आणि बाबा ‘जेवलीस का’ एवढं विचारून फोन परत तिच्याकडे देतात. म्हणून लिहितेय. बीडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची सीट मी घेतली नाही. रिपोर्टिंगची तारीख शुक्रवारी गेली. बीएस्सीचं दुसरं वर्ष इथेच, बायोकेमिस्ट्रीच घेऊन करणार. दादाला आधी सांगितलं म्हणून त्याच्यावर चिडू नका, तो मला दोन तास समजावतच होता.

बाबा, तुमचे ग्रॅच्युइटीचे पैसे वाचावेत म्हणून केलं असं मनात आणू नका. म्हणजे तेही होतं थोडं. पण लातूरच्या त्या वर्षात मी जे पाठ केलं, ते इथे पहिल्यांदा दिसलं. ग्लुकोजमध्ये एक रसायन घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात ठेवली. पिवळे स्फटिक तयार झाले. मायक्रोस्कोपखाली बघते तर अंगणातला खराटा! माल्टोजचे केले तर सूर्यफुलं. तुमच्या रक्तातली जी साखर वाढते, तिचाच तो खराटा. मी किती वेळ नुसती बघत बसले, मागची मुलगी वैतागली.

दाढा काढणं वाईट नाही हो. पण ही साखर अंगात गेल्यावर नक्की काय करते, ते शोधण्यात माझा जीव रमतो.

‘पुढे काय’ हे काकू विचारणारच. एमएस्सी. त्यासाठी जॅमची परीक्षा असते, चांगला नंबर लागला तर आयआयटीतही जाता येतं. नाहीच जमलं तर औषध कंपन्या आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत. उपाशी नाही राहणार.

बाबा, पहाटेच्या गाडीला मला बरोबर नेलंत की स्टँडवर आधी नीरेचा ग्लास हातात द्यायचात, आठवतं? ‘ऊन चढायच्या आत पी, नाहीतर आंबते’ म्हणायचात. त्या नीरेत पोषक काय असतं यावर कमला सोहोनी या शास्त्रज्ञ बाईंनी मुंबईत काम केलं. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी १९३३ मध्ये त्यांना बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. झाल्या. विषय बायोकेमिस्ट्रीच. हे वाचलं तेव्हा मला तुमच्या खाकी शर्टाचा वास आला, खरंच.

आई, माझी काळजी करू नकोस. मेसची चपाती जाड असते पण गरम असते. पाणी चोवीस तास येतं. तुझी गोधडी पावसाळ्यात कुबट वास मारत होती, उन्हात घातली. शेंगाची चटणी संपली, पण मुद्दाम करून पाठवू नकोस, दादा येईल तेव्हा दे.

आता दोघांनी नीट ऐका. साखरेची ती मेटफॉर्मिनची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी नाही. तिने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, पुढच्या वेळी डॉक्टरांना ते तपासायचं का विचारा. रोज रात्री पायांचे तळवे बघायचे. बाबांना वाकता येत नसेल तर आई, तू बघ. आणि बाबा, एचबीएवनसीच्या, म्हणजे साखरेच्या त्या रक्ततपासणीच्या आधी चार दिवस पेढा सोडून काही उपयोग नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि साखर तिला चिकटत राहते, म्हणून त्या आकड्यात दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. तुमची चोरी त्यात लिहिलेली असते.

चिडलात तरी चालेल, पण फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे एक वाक्य बोला. दिवाळीला येतेच आहे.

तुमची,
बारकी

ता. क. रिपोर्टचा फोटो उजेडात काढून पाठवा. मागच्या वेळी नेमकं आकड्यावर बाबांचं बोट आलं होतं. मुद्दाम ठेवलं होतंत ना?